एक टॉर्पेडो आणि साडेसहा तास

नमस्कार श्रोतेहो.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर काय करायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं सताड उघडायची आणि दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. घरातलं दहा वर्षांचं पोरही हे ओरडून सांगतं. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आज बोलायचं आहे ते दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी आरमाराबद्दल. ते का हरलं याबद्दल. आमच्या शाळेत या प्रश्नाला पाच कारणं असत आणि पाच गुण असत. एका कारणाला एक गुण. त्या पद्धतीने इतिहासाची जेवढी माती केली, तेवढी कुठल्याच बॉम्बने केली नसेल. पण ते असो.

सुरुवात १९०५ सालापासून करावी लागते. २७ मे १९०५. त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत अ‍ॅडमिरल तोगो यांनी रशियाचं आरमार बुडवलं. अर्ध्या जगाला वळसा घालून आलेलं आरमार, दोन दिवसांत संपलं. एका आशियाई देशाने युरोपातल्या सत्तेला पाणी पाजलं म्हणून तेव्हा आपल्याकडेही लोकांना भरून आलं होतं. लढाईपूर्वी तोगोंनी आपल्या जहाजावर निशाण चढवलं. त्याचा अर्थ होता, साम्राज्याचं भवितव्य या एका लढाईवर अवलंबून आहे.

या एका लढाईवर. श्रोतेहो, 'एका' हा शब्द नीट ऐका. पुढची चाळीस वर्षं जपानी आरमार त्या शब्दात अडकून पडलं. एके दिवशी अमेरिकेचं आरमार पॅसिफिक ओलांडून येईल, वाटेत पाणबुड्या आणि विमानं त्याचे लचके तोडतील, आणि शेवटी आपल्या दाराशी, आपल्या मोठ्या तोफा त्याचा निकाल लावतील. एक दिवस, एक लढाई. त्या दिवसासाठी यामातो आणि मुसाशी ही दोन अवाढव्य जहाजं बांधली. ४६ सेंटिमीटर व्यासाच्या तोफा! जगात कुठल्याच जहाजावर तेवढ्या नव्हत्या. आणि तो दिवस येईपर्यंत करायचं काय? यामातो बंदरात इतकी बसून राहिली की तिला लोक 'हॉटेल यामातो' म्हणायला लागले.

लढाईचा दिवस एक. पण बाकीच्या दिवसांचं काय?

बाकीच्या दिवसांना लागतं तेल. जपान आपलं सुमारे ऐंशी टक्के तेल अमेरिकेकडून विकत घेत होता. १९४१ च्या उन्हाळ्यात ते बंद झालं. म्हणून बोर्निओ आणि सुमात्राच्या तेलविहिरी ताब्यात घ्यायच्या, आणि त्याआधी अमेरिकेचं आरमार पर्ल हार्बरला जायबंदी करायचं. दोन्ही केलं. पण पर्ल हार्बरला काय बुडवलं? लढाऊ जहाजं. काय सोडलं? तेलाच्या टाक्या, दुरुस्तीची गोदी आणि पाणबुड्यांचा तळ. एका लढाईचा विचार करणाऱ्याला टाक्या आणि गोदी दिसत नाहीत.

आणि बोर्निओचं तेल मिळालं, तरी ते जहाजातूनच आणायचं ना? त्या टँकरना सोबत कोण देणार? व्यापारी जहाजांच्या राखणीसाठी स्वतंत्र मुख्यालय जपानने उभारलं ते नोव्हेंबर १९४३ मध्ये. युद्ध सुरू होऊन जवळजवळ दोन वर्षं झाल्यावर. राखणीत मर्दुमकी नाही, पदक नाही, म्हणून ते काम कुणाला नको होतं. इकडे अमेरिकेच्या आरमारातली शंभरातली जेमतेम दोन माणसं पाणबुड्यांवर होती, आणि जपानची बुडालेली निम्म्याहून जास्त जहाजं या दोन माणसांच्या खाती जमा आहेत. तेलासाठी युद्ध केलं आणि तेलाच्या जहाजांना राखणदार ठेवला नाही. पुन्हा सांगतो, तेलासाठी युद्ध, आणि तेलाच्या जहाजांना राखणदार नाही.

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळच्या लढाईबद्दल आज फार बोलत नाही. त्यावर सगळेच बोलतात. फक्त एवढंच, की मे १९४२ मध्ये, लढाईच्या महिनाभर आधी, यामातोवर टेबलावर नकाशे मांडून तिची रंगीत तालीम झाली. पंचांनी निकाल दिला की शत्रूचे नऊ बॉम्ब लागले, दोन विमानवाहू जहाजं गेली. वरिष्ठ म्हणाले, नऊ नाही, तीन. एक बुडालेलं जहाज पुन्हा पाण्यावर आलं आणि खेळ पुढे चालू. खऱ्या मिडवेला, ४ जूनला, चार विमानवाहू जहाजं गेली. तिथे खाडाखोड करायला कुणी नव्हतं.

तर आता गोष्ट. ही मी इतक्या वेळा सांगितली आहे की मी 'तायहो' म्हटलं की घरातली माणसं उठून पाणी प्यायला जातात. पण तुम्ही उठू नका.

तायहो हे जपानचं सगळ्यांत नवं विमानवाहू जहाज. कोबेला बांधलेलं. ७ मार्च १९४४ ला आरमारात दाखल झालं. मिडवेला जपानी जहाजांच्या लाकडी डेकवर बॉम्ब पडले आणि ती आतून पेटली. तायहोच्या डेकला मात्र पोलादी चिलखत होतं. पाचशे किलोचा बॉम्ब पडला तरी झेलेल असं. वरून येणाऱ्या संकटाचा बंदोबस्त चोख होता.

हे जहाज बाकीच्या ताफ्याबरोबर तावी-तावी नावाच्या बेटापाशी येऊन थांबलं. तिथे का? तेल जवळ म्हणून. टँकर उरले नव्हते, त्यामुळे तेल आरमाराकडे येईना, म्हणून आरमार तेलाकडे गेलं. विहीर घरी येत नाही म्हटल्यावर घागर घेऊन विहिरीवर मुक्काम. आणि शुद्ध करायला वेळ नाही, वाहून न्यायला जहाजं नाहीत, म्हणून बोर्निओचं कच्चं तेल तसंच जहाजांच्या टाक्यांत भरलं. ते तेल हलकं होतं, चालत होतं. पण त्याची वाफ फार होते. पेट घेणारी वाफ.

त्या बेटाबाहेर अमेरिकन पाणबुड्या टपून बसलेल्या. म्हणून सरावाला बाहेर पडता येईना. जवळ धावपट्टी नाही, म्हणून वैमानिकांनाही सराव नाही. जुने कसलेले वैमानिक कधीच गेले होते, कारण जपानने त्यांना मरेपर्यंत आघाडीवर ठेवलं. अमेरिकेने आपले चांगले वैमानिक परत बोलावून पोरांना शिकवायला बसवले. उत्तम माणूस मास्तर करायचा की शिपाई, या प्रश्नाला आपल्याकडेही अजून धड उत्तर नाही. असो, असो.

१९ जून १९४४ ची सकाळ. फिलिपाइन समुद्र. व्हाइस अ‍ॅडमिरल ओझावा तायहोवर. नऊ विमानवाहू जहाजं त्यांच्या हाताखाली. समोर अमेरिकेची पंधरा. चार दिवसांपूर्वी जपानहून संदेश आला होता, साम्राज्याचं भवितव्य या एका लढाईवर अवलंबून आहे. तोच तोगोंचा संदेश. एकोणचाळीस वर्षांनी, तसाच्या तसा.

तायहोवरून विमानं उडत होती. आणि पाण्याखाली होती अल्बाकोर. कमांडर ब्लँचर्ड यांची पाणबुडी. त्यांनी पेरिस्कोपमधून एवढं मोठं सावज पाहिलं, आणि नेमक्या त्या क्षणी टॉर्पेडोचा नेम काढणारं यंत्र बिघडलं. आता? डोळ्यांनीच अंदाज घेतला आणि सहा टॉर्पेडो सोडले. चार चुकले. पाचव्याकडे लक्ष गेलं ते साकिओ कोमात्सु या वैमानिकाचं. तो नुकताच डेकवरून उडाला होता. त्याने पाण्यातली रेघ पाहिली, विमान वळवलं आणि सरळ त्या टॉर्पेडोवर झेप घेतली. विमान, माणूस, टॉर्पेडो, सगळं एकदम गेलं.

सहावा लागला.

एकच लागला. डेकवर नव्हे, खाली, उजव्या अंगाला, पुढच्या भागात. जहाज नाकाकडे थोडं खाली गेलं, बस्स. वेग जवळजवळ कायम, सव्वीस नॉट. सगळ्यांना वाटलं, थोडक्यात निभावलं. फक्त दोन गोष्टी झाल्या होत्या. विमानाच्या पेट्रोलच्या टाक्यांना तडे गेले होते. आणि विमानं खालून वर आणणारी पुढची लिफ्ट मध्येच अडकली होती. लिफ्टच्या जागी डेकला भलंमोठं भोक. विमानं तर उडवायची आहेत! मग जेवणघरातली टेबलं आणि बाकं आणली आणि ते भोक फळकुटांनी बुजवलं. विमानं पुन्हा उडायला लागली.

म्हणजे काय झालं, श्रोतेहो? खाली पेट्रोल गळतंय आणि वर झाकण ठेवलंय.

वास सगळ्या जहाजभर. लोक नाकाला फडकी बांधून फिरायला लागले. पेट्रोल उपसून बाहेर टाकायचे प्रयत्न झाले, जमले नाहीत. मग जहाजाची डागडुजी पाहणाऱ्या अधिकाऱ्याने हुकूम दिला. तो या कामात नवखा होता. जहाजही नवखंच होतं. तो म्हणाला, हवा खेळती करा. सगळे पंखे पूर्ण वेगाने सोडा. सगळ्या वाऱ्याच्या वाटा उघडा.

पंखे लावा.

आठवलं ना, मी सुरुवातीला काय म्हटलं होतं? वाफ एका भागात होती, ती पंख्यांनी जहाजाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचवली. विमानांच्या हँगरमध्ये, माणसांच्या खोल्यांत, यंत्रांपाशी. सकाळी आठच्या सुमारास टॉर्पेडो लागला. दुपारी अडीच वाजता कुठेतरी एक ठिणगी पडली. मधले साडेसहा तास जहाज व्यवस्थित चाललं होतं. अडीच वाजता मात्र ते चिलखती डेक, पाचशे किलोचा बॉम्ब झेलणारं, आतून वर फुगलं आणि जहाजाच्या बाजू फाटल्या. बॉम्ब वरून येणार होता. स्फोट खालून आला.

ओझावांना जहाजाबरोबर बुडायचं होतं. अधिकाऱ्यांनी समजूत घालून त्यांना दुसऱ्या जहाजावर नेलं. शेकडो माणसं गेली. तायहोचं सगळं आयुष्य साडेतीन महिन्यांचं आणि लढाई एक. अगदी एकच.

चित्रपटवाल्यांना कोमात्सु आवडेल. मलाही तो आवडतो, खोटं कशाला बोलू. पण माझ्या मनात घर करून राहिला आहे तो पंखे लावणारा. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

आणि हे शिकता येत होतं. दोन वर्षांपूर्वी, मे १९४२ मध्ये, अमेरिकेचं लेक्सिंग्टन हे विमानवाहू जहाज अगदी असंच गेलं होतं. जपानी टॉर्पेडो लागले, आगी विझल्या, विमानं परत उतरू लागली, आणि पेट्रोलच्या वाफेने जहाज फुटलं. त्यावरून धडा घेतला तो यॉर्कटाउन या दुसऱ्या अमेरिकन विमानवाहू जहाजावर पेट्रोलची व्यवस्था पाहणाऱ्या ऑस्कर मायर्सने. त्याने पेट्रोलच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरायची पद्धत काढली. महिन्याभराने मिडवेला यॉर्कटाउनवर बॉम्ब पडले तेव्हा नळ्यांत पेट्रोल नव्हतंच. पुढे ते जहाज पाणबुडीने बुडवलं, पण पेट्रोलच्या आगीने गेलं नाही. आणि ते मिडवेला पोचलंच कसं? पर्ल हार्बरच्या त्या गोदीत तीन दिवसांत डागडुजी करून. जपान्यांनी सोडून दिलेली तीच गोदी.

इथे मला मुंबई आठवते. तायहोच्या दोन महिने आधी, १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, फोर्ट स्टिकीन जहाज. पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं शेजारी-शेजारी. धूर दिसल्यापासून स्फोट होईपर्यंत दोन तासांच्या वर वेळ हातात होता. जहाज बुडवायचं की बाहेर काढायचं की विझवत राहायचं, यातच तो गेला. आपल्याकडे सेन्सॉरने बातमी दाबली, आणि ती जगाला पहिल्यांदा सांगितली जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने. लोक अजून त्या जहाजातल्या सोन्याच्या विटांच्या गोष्टी सांगतात. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले, ते सांगत नाहीत. आमच्या सोसायटीत लॉबीला ग्रॅनाइट बसवलं आहे आणि आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपून किती दिवस झाले ते पाहायला कुणाला सवड नाही. मी पत्र दिलं आहे.

घड्याळ काट्यावर आलं, तेव्हा उरलेलं भराभर सांगतो. त्याच १९ तारखेला शोकाकु हे दुसरं विमानवाहू जहाजही पाणबुडीनेच बुडवलं. नवख्या वैमानिकांची विमानं शेकड्यांनी पडली. ओझावांनी राजीनामा दिला, तो नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये फिलिपाइन्समधल्या लेयतेच्या लढाईत त्यांना पुन्हा विमानवाहू जहाजं दिली, पण त्यांवर विमानं जेमतेम शंभर. काम काय? आमिष व्हायचं. अमेरिकन ताफा मागे लागला की यामातो आणि मंडळी मोठ्या तोफा घेऊन दुसरीकडून येणार. पुन्हा एक लढाई. आमिष अमेरिकनांनी गिळलं, तोफा येऊनही पोचल्या, आणि ऐन वेळी माघारी वळल्या. पर्ल हार्बरला गेलेल्या सहा विमानवाहू जहाजांतलं शेवटचं, झुइकाकु, त्या दिवशी गेलं.

आणि अल्बाकोर? ब्लँचर्ड यांनी एक स्फोट ऐकला, मग वरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पडायला लागले म्हणून ते खोल पळाले. एवढं मोठं सावज हातचं गेलं म्हणून हळहळत राहिले. तायहो बुडाल्याचं अमेरिकेला कळलं ते कित्येक महिन्यांनी, एका युद्धकैद्याच्या तोंडून. अल्बाकोर स्वतः ७ नोव्हेंबर १९४४ ला होक्काइदोजवळ सुरुंगावर आदळून सगळ्या माणसांसकट बुडाली. ती नेमकी कुठे आहे याची खात्री पटायला २०२३ साल उजाडलं.

नमस्कार.