फुंकरीपासून सुरुवात

श्रोतेहो, नमस्कार. मधल्या सुट्टीनंतर मुले वर्गात परतली की पहिली पाच मिनिटे कशी जातात, हे प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. घामाने निथळणारी मुले, कोणी कोणाचा डाव बुडवला याचे मैदानावरून सोबत आलेले भांडण, कोपऱ्यात डोळे पुसत बसलेले एखादे पोर, आणि या सगळ्यात फळ्यावर गणित लिहू पाहणाऱ्या बाई. अशा वेळी आपल्याकडचा पिढीजात उपाय म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. त्याने वर्ग गप्प होतो, पण गप्प बसलेल्या मुलाची छाती धपापतच असते आणि आतले भांडणही मिटलेले नसते. मी स्वतः अनेक वर्षे हाच उपाय केला, म्हणून त्याची मर्यादा मला चांगली ठाऊक आहे. त्याऐवजी श्वासाच्या साध्या सरावाने वर्ग कसा शांत करता येतो, ते आज सांगते.

‘चले वाते चलं चित्तं’, म्हणजे श्वास चंचल झाला की चित्तही चंचल होते, असे हठयोगप्रदीपिका या योगावरील जुन्या ग्रंथात म्हटले आहे. या नात्याचे शरीरशास्त्रही आज बरेच उलगडले आहे. आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडतो तेव्हा मंदावतात. मेंदूपासून हृदयाकडे व पोटाकडे जाणारी व्हेगस नावाची नस हा लगाम सांभाळते. म्हणून श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा थोडा लांबवला की शरीराला विसाव्याचा निरोप मिळतो. योगाकडे प्रयोगशाळेच्या नजरेने पाहणारी कैवल्यधाम ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात स्थापन केली. त्याआधी ते अमळनेर येथे अध्यापनाचे काम करीत होते, ही गोष्ट शिक्षक म्हणून मला विशेष जवळची वाटते.

आता प्रत्यक्ष वर्गात काय करावे? ‘दीर्घ श्वास घ्या’ असे मात्र सांगू नये. तसे सांगताच मुले खांदे कानापर्यंत चढवतात, छाती फुगवतात, आणि कोण जास्त वेळ दम धरतो याची शर्यत लागते. त्यापेक्षा सुरुवात सोडण्यापासून करावी, आणि त्यासाठी मराठी मुलांना एक शब्द आयताच ठाऊक असतो, तो म्हणजे फुंकर. गरम दुधावरची साय बाजूला सारताना आपण जशी हलकी, लांब फुंकर घालतो, तशी घालायला सांगावी. जोरात फुंकले तर दूध सांडेल, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. रुईची म्हातारी किंवा वहीत जपलेले मोरपीस तळहातावर ठेवून ते उडणार नाही, नुसते थरथरेल, इतक्या हळू फुंकायला सांगितले की खट्याळातले खट्याळ मूलही गुंतते. फुंकर संपली की श्वास नाकाने आपोआप आत येतो. त्याची वेगळी सूचना द्यावी लागत नाही. अशा पाच-सहा फुंकरी पुरेत.

हे जमू लागले की भुंग्याचा नाद, अर्थात भ्रामरी, घ्यावी. ओठ मिटून ‘म्’चा गुंजारव केला की उच्छ्वास आपोआप लांबतो आणि वर्गभर एक मंद नाद भरून राहतो. पहिल्या दिवशी हसू फुटणारच, ते फुटू द्यावे. बाकाजवळ उभे राहून दोन्ही हात वर ताणण्याचे ताडासन, किंवा बाकावर हातांची उशी करून डोके टेकणे, एवढी हालचाल वर्गातल्या जागेत बसते. पोषण आहाराची खिचडी नुकतीच खाल्लेली असेल तर पोटावर ताण देणारी आसने करून घेऊ नयेत.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. श्वास रोखून धरण्याचा कुंभक, तसेच जोराजोराने श्वास चालवण्याच्या भस्त्रिका आणि कपालभाती या क्रिया, हे वर्गात लहान मुलांकडून करून घेण्याचे प्रकार नव्हेत. सर्दीने नाक चोंदलेल्या किंवा दम्याचा त्रास असलेल्या मुलाला इतरांची बरोबरी करायला लावू नये, आणि कोणाला चक्कर येते आहे असे वाटले तर तिथेच थांबून त्याला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. डोळे मिटण्याची सक्ती नको, कारण काही मुलांना त्याची भीती वाटते. त्यांनी बाकावरच्या एखाद्या खुणेकडे पाहिले तरी चालते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दंगा करणाऱ्याला ‘जा, कोपऱ्यात बसून श्वास मोज’ असे कधीही सांगू नये. एकदा ती शिक्षा झाली की फुंकरीची गत तोंडावरच्या बोटासारखीच होते.

रागाच्या भरात असलेल्या मुलाला हे नव्याने शिकवता येत नाही. शांत वेळी, परिपाठानंतर रोज दोन-तीन मिनिटे सराव झालेला असेल तरच ऐन वेळी ते आठवते. 21 जूनला मैदानावर रांगा लावून योगदिन साजरा होतो, तो व्हावाच. पण शाळा त्याच सुमारास सुरू होत असल्याने रोजच्या सरावाचा पहिला दिवसही तोच धरता येईल. शिक्षकांनी मात्र मुलांबरोबर स्वतःही फुंकर घालावी, हजेरीपट भरत बसू नये. एकदा मी चिडून डस्टर टेबलावर आपटले, तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी अगदी गंभीरपणे म्हणाली, “बाई, दूध गरम आहे.” वर्ग हसला, मीही हसले, आणि मग आम्ही सर्वांनी मिळून फुंकर घातली.