अवकाशात जाळीसारखी घरं आखलेली आहेत का?

अर्जेंटिनातलं मालार्ग्वे. मागे अँडीज, पुढे नजर जाईल तिथवर सुकं माळरान, आणि दर दीड किलोमीटरवर एक टाकी. वैश्विक किरण, म्हणजे अंतराळातून येणारे वेगवान कण, टिपणाऱ्या पिएर ओजे वेधशाळेच्या अशा सोळाशेहून जास्त टाक्या ३,००० चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. गोवा राज्याहून थोडंच कमी क्षेत्र.

आपलं विश्व कुणाच्या संगणकात चाललेलं सिम्युलेशन तर नाही ना? ऑक्सफर्डमधले तत्त्वज्ञ निक बॉस्ट्रॉम यांनी २००३ साली हा युक्तिवाद मांडला. तेव्हापासून यावर बोलणारे पुष्कळ झाले. मोजायला निघालेले मोजकेच.

२०१२ साली बीन, दावूदी आणि सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी मोजण्याची एक वाट दाखवली. अणुकेंद्रातल्या बलांचं गणित संगणकावर सोडवताना अवकाशाची बारीक घनाकृती घरं पाडावी लागतात, कारण सलग अवकाश संगणकात मावत नाही. विश्वही असंच घरं पाडून चालवलेलं असेल, तर कणांच्या ऊर्जेला वरची मर्यादा पडेल. आणि सर्वांत ताकदवान वैश्विक किरण येण्याच्या दिशांवर त्या घरांच्या जाळीच्या अक्षांची छाप दिसेल.

आता ही टाकी जवळून बघा. वर सौरपॅनल आणि अँटेना. आत १२,००० लिटर अतिशुद्ध पाणी आणि मिट्ट काळोख. वैश्विक कण वातावरणावर आदळला की अब्जावधी दुय्यम कणांची सर खाली येते. पाण्यात प्रकाशाचा वेग मंदावतो, हे कण त्यालाही मागे टाकतात आणि पाणी क्षणभर निळसर उजळतं. वर बसवलेल्या तीन प्रकाशनलिका तो उजेड टिपतात. कुठल्या टाकीत आधी उजळलं, कुठल्यात नंतर, या सूक्ष्म फरकावरून मूळ कणाची दिशा काढतात. सर्वांत ताकदवान कण चौरस किलोमीटरमागे शतकातून जेमतेम एक पडतो. एवढं माळरान लागतं ते त्यासाठी.

२०१७ साली ३०,००० हून अधिक कणांच्या नोंदींतून दिसलं, की आकाशाच्या एका बाजूने ते थोडे जास्त येतात. पण ते आकाशगंगेबाहेरून येतात एवढाच त्याचा अर्थ लावला गेला, जाळीचा नाही. जाळी असलीच, तर २०१२ च्या हिशेबाने तिचं एक घर प्रोटॉनच्या साधारण लाख-कोटीव्या भागाहून लहान असायला हवं.

टाक्यांवर आता नवे सिंटिलेटर (कण आरपार गेला की चमकणारे पट्टे) बसवले आहेत, नोंदी चालू आहेत. त्यांतला एक हिस्सा २०२१ पासून सर्वांना खुला आहे. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या कुणालाही तो उतरवून घेऊन स्वतः हिशेब करता येतो.