गोठवलेली केंद्रकं, धावणारे इलेक्ट्रॉन

ॲटोसेकंद भौतिकीवरच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अतिवेगवान हालचालींच्या अभ्यासावरच्या भाषणात बहुतेक वेळा एक चित्रफीत दाखवतात. रेणूच्या सांगाड्यावरून रंगीत ढग या टोकाकडून त्या टोकाला सरकत असतात. मी ती आज मुद्दामच आणलेली नाही. ती पाहिली की वाटतं, कुणीतरी कॅमेरा लावून इलेक्ट्रॉन टिपले. तसं काही नसतं, फीत संगणकात तयार झालेली असते. प्रयोगशाळेत जे मोजतात ते फार रुक्ष असतं, आणि या दोन्हींमध्ये किती अंतर आहे त्याबद्दल मला बोलायचं आहे.

२०१४ साली मिलानमध्ये झालेला प्रयोग घेऊ. रेणू होता फेनिलॲलनिन, म्हणजे आपल्या डाळी-दुधातलं एक अमिनो आम्ल. त्याच्या वाफेवर ३०० ॲटोसेकंदांहूनही आखूड असा अतिनील झोत टाकला. एका सेकंदाचे अब्ज भाग करा आणि त्यातल्या एकाचे पुन्हा अब्ज भाग करा, तो एक ॲटोसेकंद. झोताने रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवला. मग थोड्या विलंबाने दुसरा, अवरक्ताजवळचा झोत आला आणि रेणूचे तुकडे झाले. त्यातल्या दुहेरी प्रभाराच्या एका ठरावीक तुकड्याची संख्या मोजली. विलंब बदलायचा, पुन्हा मोजायचं. हाती आलं ते एवढंच. पण ती संख्या सुमारे ४.३ फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे हजार ॲटोसेकंद) आवर्तनाने कमीजास्त होत होती. रेणूतलं सगळ्यात चपळ कंपन कार्बन-हायड्रोजन किंवा तत्सम बंधाचं. त्यालाही एका फेरीला दहाएक फेम्टोसेकंद लागतात. म्हणजे ही हालचाल केंद्रकांची नव्हे.

मग ती आली कुठून? झोत जितका आखूड, तितका त्याच्या ऊर्जेचा पट्टा रुंद. इथे तो साधारण १५ ते ३५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं एकक) होता. त्यामुळे इलेक्ट्रॉन नेमका कोणत्या कक्षकातून, म्हणजे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या कोणत्या ठरलेल्या घरातून गेला हे ठरतच नाही, आणि मागे उरलेला आयन (प्रभारित रेणू) एकाच वेळी वेगवेगळ्या ऊर्जेच्या अनेक अवस्थांमध्ये राहतो. तानपुऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की नाद हेलकावतो ना, तसा प्रभार हेलकावतो. ४.३ फेम्टोसेकंद म्हणजे अवस्थांमध्ये जवळपास एक इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक.

आता याचं गणित. फेनिलॲलनिनमध्ये ८८ इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाची जागा सांगायला तीन निर्देशांक, म्हणजे तरंगफलाला (सगळ्या इलेक्ट्रॉनांचं एकत्रित क्वांटम वर्णन) २६४ निर्देशांक लागतात. प्रत्येकाला फक्त दहा बिंदू दिले तरी १ वर २६४ शून्यं इतके आकडे साठवायला हवेत. दृश्य विश्वातले सगळे अणू मोजले तरी ८० शून्यांच्या आसपासच थांबतात. समीकरण माहीत असून सोडवता न येण्याचा हा प्रकार आहे.

होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ मध्ये दाखवलं की सर्वांत कमी ऊर्जेच्या मूळ अवस्थेसाठी तरंगफल न धरता इलेक्ट्रॉनांची घनता धरली तरी तत्त्वतः पुरतं. घनतेला निर्देशांक तीनच. १९८४ मध्ये रुंगे आणि ग्रोस यांनी तेच काळानुसार बदलणाऱ्या घनतेसाठी सिद्ध केलं. आज बरेच गट असंच काम करतात: एकदोन ॲटोसेकंदांचं पाऊल टाकायचं, नवी घनता काढायची, तिच्यावरून नवं बल, की पुढचं पाऊल. वीस फेम्टोसेकंदांसाठी दहावीस हजार पावलं. गोम अशी की इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधाचं एक पद कुणालाच नेमकं ठाऊक नाही. प्रमेयानुसार त्या पदाने घनतेचा सगळा भूतकाळ लक्षात ठेवायला हवा. व्यवहारात आपण फक्त त्या क्षणाची घनता देऊन मोकळे होतो. म्हणून अशा गणितातल्या दशांशापुढच्या दुसऱ्या आकड्यावर मी तरी जीव टाकत नाही.

मिलानच्या प्रयोगासाठी माद्रिदच्या फर्नांडो मार्तीन यांच्या गटाने घनतेवर आधारित गणित केलं. केंद्रकं जागच्या जागी गोठवलेली होती आणि दुसरा झोत गणितात धरलाच नव्हता. तरीही रेणूच्या अमिनो (नायट्रोजन असलेल्या) टोकाजवळच्या प्रभाराची वारंवारता प्रयोगाशी चांगली जुळली. हे यश मोठंच आहे. पण वारंवारता जुळली म्हणजे फीत खरी ठरली, असं नव्हे.

या शंकेला भौतिकीचाच आधार आहे. अगदी थंड रेणूतसुद्धा केंद्रकं स्थिर नसतात, त्यामुळे रेणूला एकच काटेकोर आकार नसतो. आकार थोडा बदलला की अवस्थांमधला फरक बदलतो आणि हेलकावे एकमेकांत मिसळून पुसले जातात. सेडरबॉम आणि झोबेली यांनी १९९९ मध्ये प्रभाराच्या या स्थलांतराची कल्पना मांडली तेव्हा केंद्रकं स्थिरच धरली होती. पुढे केंद्रकं मोकळी सोडून केलेल्या गणितांत काही रेणूंमध्ये खेळ मोजक्या फेम्टोसेकंदांतच संपला. २०२२ मध्ये झुरिकच्या वोर्नर यांच्या गटाने सिलेन या सिलिकॉन-हायड्रोजनच्या वायूत याहून गमतीची गोष्ट पाहिली. हेलकावे विरले आणि सुमारे ४०-५० फेम्टोसेकंदांनी परत आले. केंद्रकंही क्वांटम नियमांनी चालवली, तेव्हा हे परतणं गणितातही उमटलं.

सिलेनमध्ये अणू पाचच, कंपनाच्या तऱ्हा नऊ. फेनिलॲलनिनमध्ये अणू २३ आणि तऱ्हा ६३. तिथे बहुधा निवडक कंपनांवरच भागवावं लागतं, आणि कोणती निवडायची हे गणित सुरू करण्याआधी माणसालाच ठरवावं लागतं.