पाचव्या प्रश्नाचे गुण

परळच्या एका जुन्या इमारतीतल्या या खोलीत चार टेबले मुद्दाम लांब लांब मांडली आहेत. चारही टेबलांवर एकाच मार्गदर्शिकेच्या छापील प्रती आहेत. बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल नैराश्य आणणाऱ्या मानसिक आजाराच्या रुग्णावर उपचार कसे करावेत, हे तीत सांगितले आहे. ओपीडीत बसणारे डॉक्टर तिला नुसते ‘गाइडलाइन’ म्हणतात आणि औषध निवडताना तिचा आधार घेतात. आज मात्र तीत सुचवलेली औषधे बरोबर की चूक, हे इथे कोणी ठरवणार नाही. ती मार्गदर्शिका कशी तयार झाली, एवढेच तपासायचे आहे, आणि गुण देऊन होईपर्यंत चौघांनी एकमेकांशी बोलायचे नाही.

मार्गदर्शिका तपासण्याच्या हातातल्या तक्त्याचे नाव ‘ॲग्री-२’. मूळ साधनात सुधारणा करून ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज अनेक देशांत वापरले जाते. त्यात सहा विभागांत मिळून २३ प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायचे असतात. परीक्षक किमान दोन, शक्यतो चार असावेत, अशी सूचना आहे. सर्वांत मोठा विभाग पद्धतीच्या काटेकोरपणाचा, आठ प्रश्नांचा: पुरावा कुठे आणि कसा शोधला, कोणते अभ्यास घेतले आणि कोणते का वगळले, फायद्यांबरोबर दुष्परिणामही तोलले का, बाहेरच्या तज्ज्ञांकडून मजकूर तपासून घेतला का, पुढची सुधारणा केव्हा आणि कशी करणार. खिडकीजवळच्या बाईंनी लिथियम या औषधाच्या शिफारशीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे. शिफारशीच्या आधाराला दिलेला संदर्भ शोधण्यासाठी त्या शेवटच्या पानांपर्यंत जातात, परत येतात, पुन्हा जातात. इथला हिशेब कागदावरचा आहे. समितीने एखादी गोष्ट प्रत्यक्ष केली असली, पण कुठे लिहिलीच नसली, तर त्या प्रश्नाला १ गुण मिळतो. हे कठोर वाटेल; पण वाचणाऱ्या डॉक्टरच्या हातातही कागदच येणार असतो.

आता पाचवा प्रश्न पाहू. ज्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे, त्या लोकांची मते आणि पसंती विचारात घेतली होती का? तिघांनी १, २ आणि १ असे गुण दिले आहेत. चौथ्या परीक्षकाने ६ दिले. चर्चेच्या वेळी त्यांना कारण विचारले, तेव्हा त्यांनी प्रस्तावनेतल्या एका वाक्यावर बोट ठेवले: ‘रुग्णहित केंद्रस्थानी ठेवून ही रचना केली आहे.’ रुग्णहित केंद्रस्थानी ठेवणे वेगळे आणि रुग्णाला विचारणे वेगळे, असे खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या, आणि खोडरबर पुढे सरकवला. ६ चे २ झाले.

हा प्रश्न मानसिक आजारांत अधिक जड आहे. औषधाने वजन वाढेल का, दिवसा गुंगी येऊन रिक्षा चालवता येईल का, लग्नानंतर मूल हवे असेल तर या गोळ्यांचे काय, हे प्रश्न ओपीडीत घरची माणसे विचारतात, आणि समितीच्या टेबलाशी ती माणसे नसतील तर मार्गदर्शिकेत ते प्रश्न येणार कुठून? २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने, आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क प्रौढ व्यक्तीला दिला आहे. एका रुग्णाला स्वतःच्या उपचारांबाबत जे म्हणता येते, तेच सर्व रुग्णांसाठीची शिफारस लिहिताना विचारले जाऊ नये, हे विसंगत आहे.

फळ्यावरची बेरीज नीट पाहावी. पाचवा प्रश्न ज्या विभागात येतो, त्यात तीन प्रश्न आणि चार परीक्षक, म्हणजे कमाल ८४ गुण आणि किमान १२. मिळाले ४९. ४९ आणि ८४ या दोन्हींतून किमान १२ वजा करून ३७ चे ७२ शी प्रमाण काढले, की ५१ टक्के येतात. पाचव्या प्रश्नाला २८ पैकी जेमतेम ६ गुण होते. पण समितीत वेगवेगळ्या शाखांचे तज्ज्ञ होते आणि मार्गदर्शिका कोणी वापरायची हेही स्पष्ट लिहिले होते, म्हणून विभागाचा आकडा सावरला. अहवालात ५१ छापले जाईल. म्हणूनच प्रश्नवार गुणांचा तक्ता सोबत जोडावा, असा आग्रह बाईंनी धरला आहे आणि तो आम्हांला पटतो.

अंमलबजावणीच्या विभागात गुण कमी पडले. लिथियम चालू असताना रक्तातली त्याची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासत राहावे लागते. बदलापूरहून येणाऱ्या माणसाचा त्यात दिवसाचा रोज बुडतो, आणि याचा विचार मार्गदर्शिकेत सापडला नाही.

चहाचे कप उचलले जात आहेत. पाचव्या प्रश्नाखालच्या शेऱ्याच्या रकान्यात चौथे परीक्षक आपले आधीचे वाक्य खोडून नवे लिहितात: ‘रुग्णांना किंवा घरच्यांना केव्हा आणि कसे विचारले, याची नोंद आढळली नाही.’