कचराडेपोवरचं रान

(दृश्य : मिठी नदी, ओहोटीची वेळ)

शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावी बस डेपोच्या आसपास, बसच्या खिडकीतून अचानक दाट झाडी दिसते. रोजच्या प्रवाशांतलेही कितीतरी जण आत कधी गेलेले नसतात.

हे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. ३७ एकर. पायाखाली मुंबईचा जुना कचरा आहे.

त्याआधी इथे माहीमच्या खाडीची दलदल होती. तिवरं, चिखल, आणि धारावी कोळीवाड्याची मासेमारी. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी मिठीतून खाली येतं, समोरून भरती वर चढते. दोन्ही पाण्यांना पसरायला ही जागा लागायची. शहराला मात्र ती रिकामी वाटली. पलीकडच्या काठावर भराव पडला आणि बीकेसी, म्हणजे ऑफिसांचं वांद्रे-कुर्ला संकुल, उभं राहिलं. अलीकडच्या काठावर कचरा पडत राहिला, १९७०च्या दशकापर्यंत.

कचऱ्यावर इमारती होत नाहीत असं थोडंच आहे! मालाडला जुन्या कचराडेपोवर ऑफिसं झाली. तिथे जमिनीतल्या वायूंनी कॉम्प्युटर गंजल्याच्या तक्रारी पुढे आल्या. इथे सुदैवाने झाडं लावायचं ठरलं. कचऱ्यावर माती पसरली गेली. १९८३ साली पहिलं रोप लावलं ते पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी, वयाची ऐंशी केव्हाच ओलांडलेली असताना. लोकांसाठी उद्यान उघडलं १९९४ साली.

(दृश्य : तिवराचं पान, अगदी जवळून)

आतली झाडं माणसांनी लावली, काठाची खारफुटी खाडीची स्वतःची. हे तिवराचं पान. यावरचे पांढरे कण म्हणजे मीठ. खाऱ्या पाण्यातून आलेलं जादा मीठ झाड पानांवाटे असं बाहेर टाकतं. बुंध्याभोवती चिखलातून वर आलेल्या या काड्या त्याची श्वासमुळं. त्यांच्यात अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या भरतीबरोबर येतात. डेपो बंद झाला, पण शहराचा कचरा आता पाण्याच्या वाटेने येतो, एवढाच फरक.

उद्यानाच्या तळ्यात मात्र पावसाचं पाणी साठतं, आणि झाडांना तेच मिळतं.

आज या जमिनीचा भाव काय असेल, ते समोरच्या काचेच्या इमारती पाहून कळतं. धारावीच्या पुनर्विकासात ती जाणार का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. उद्यान त्या प्रकल्पात नाही, असं तिथे सांगण्यात आलं.