बकरी काळी होती का?

श्रोतेहो, नमस्कार. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली आपल्या इंदुरात आले, १८८७ साली त्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं, हे आपण जाणताच. याच मिशनची माणसं पुढे अलिराजपूरकडच्या डोंगरात, आमखुटला, भिल्लांमध्ये जाऊन राहिली. त्या बाजूचीच ही आठवण.

मी अकरा-बारा वर्षांचा असेन. नाताळाआधी बाबा तिकडे बायबलचं वचन वाचायला जायचे. त्या वर्षी मलाही नेलं. एका फलियात, म्हणजे भिल्लांच्या छोट्या वस्तीत, मोहाखाली माणसं जमली. बाबांचा आवाज मोठा गोड. त्यांनी लूकचा पंधरावा अध्याय हिंदीत वाचला: शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवलं, धनी नव्याण्णव रानात सोडून त्याच्यामागे निघाला. मंडळी अदबीनं बसली होती, पण चेहरे कोरे. मग तिथल्याच एका प्रचारकभाऊंनी तीच गोष्ट भिलीत सांगितली, आणि मेंढरू काढून बकरी घातली. तिथं घरोघर बकऱ्याच. पुढे बसलेली एक म्हातारी बिडी विझवून सरसावली. हातातली चांदीची कडी मागे सारून विचारते, "काळी होती का?" तिचीच काळी बकरी चार दिवसांपूर्वी नाल्यापलीकडे गेली होती, आणि म्हातारा टेंभा घेऊन रात्रभर फिरला होता. "धनी रात्रीच गेला ना? उजाडायची वाट नाही ना पाहिली?" तीनदा विचारलं तिनं. बाबांनी पुस्तक मिटलं. परतताना बसमध्ये धार येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला भिली शिकायला हवी." वय बावन्न.

शुभवर्तमान ज्याच्या-त्याच्या बोलीत पोचावं लागतं. पुन्हा सांगतो, ज्याच्या-त्याच्या बोलीत. मिशनरी विल्यम केरी बंगालात बसून वैजनाथ पंडितांकडून मराठी शिकले, १८०५ साली व्याकरण छापलं, १८१० साली कोश. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू-ग्रीक शिकल्या, कशासाठी, तर साध्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल उतरवायला. आणि आपण? इंदूरच्या मराठी घरांत नातवंडांशी हिंदी बोलतात, याचं मला फार वाईट वाटतं. सराफ्यात बोला हिंदी, स्वयंपाकघरात मराठीच हवी.

बाबांची भिलीची वही माझ्याकडे आहे. पहिल्याच ओळीत बकरीचा शब्द, आणि त्याच्याखाली, जरा तिरक्या अक्षरात, काळीचा.