फेअरी क्वीन: बॉयलर जपला तर इंजीन टिकतं

श्रोतेहो, नमस्कार.

आज फेअरी क्वीन या वाफेच्या इंजिनाविषयी बोलू. १८५५ साली इंग्लंडातल्या लीड्स इथे, किट्सन, थॉम्पसन अँड ह्युइटसन यांच्या कारखान्यात ते तयार झालं आणि त्याच वर्षी जहाजातून कलकत्त्याला उतरलं. ईस्ट इंडियन रेल्वेत त्याचा क्रमांक होता २२. नाव मिळालं ते पुढे, १८९५ मध्ये. हावडा ते राणीगंज या मार्गावर हलक्या टपाल गाड्या ओढायच्या, हे त्याचं काम. १८५७ च्या उठावात त्यानं सैन्याच्या गाड्याही नेल्या. नंतर बिहारमध्ये नव्या मार्गांच्या बांधणीवर राबून १९०९ साली ते निवृत्त झालं.

वजन अवघं २६ टन. चाकांच्या तीन जोड्या, पण वाफेची ताकद मिळते ती फक्त मधल्या जोडीला. ही मधली चाकं सहा फूट व्यासाची आहेत, त्यामुळे सपाट रुळांवर इंजीन सहज पळतं. गाडी हलवताना मात्र तीच चाकं अडचण करतात. रुळांवर पकड घ्यायला एकाच जोडीवरचा भार मिळतो, म्हणून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी झडप, झटक्यात उघडला की चाकं जागच्या जागी घसरतात. पाण्याची टाकी चाकांच्या मध्ये, सांगाड्याखाली आहे. वजन खाली राहतं हे चांगलं, पण पाणी मावतं फक्त तीन हजार लिटरच्या आसपास. लांब पल्ल्याला वाटेत पाणी भरणं आलंच.

निवृत्तीनंतर हे इंजीन १९४३ पर्यंत हावड्याला चौथऱ्यावर उभं होतं. तिथून ते चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेलं आणि १९७७ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आलं. १९९७ साली, म्हणजे ८८ वर्षांनी, ते पुन्हा स्वतःच्या वाफेवर धावलं. त्याच वर्षी दिल्ली ते अलवर ही पर्यटक गाडी सुरू झाली आणि १९९८ मध्ये नियमित चालणारं जगातलं सर्वांत जुनं वाफेचं इंजीन म्हणून गिनेसमध्ये नोंद झाली.

चौथऱ्यावर रंग लावून उभं केलेलं इंजीन बाहेरून छान दिसतं. गंज मात्र आतून लागतो. बॉयलरच्या तळाशी थोडं पाणी आणि वर हवा, ही सर्वांत वाईट स्थिती. पाण्याच्या रेषेलगत पोलादाला खड्डे पडतात. बॉयलर एकतर पूर्ण कोरडा करून आत ओल शोषणारा पदार्थ ठेवावा, नाहीतर अल्कली मिसळलेल्या पाण्यानं काठोकाठ भरावा. मधला मार्ग नाही.

इंजीन पुन्हा चालवायचं तर आधी बॉयलरची परीक्षा. फायरबॉक्स म्हणजे आग पेटते ती पेटी. तिची आतली आणि बाहेरची भिंत शेकडो स्टे-बोल्टांनी एकमेकींना धरून असते. हातोडीनं ठोकलं की चांगला बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. अनेक बोल्टांना बाहेरून एक बारीक भोक ठेवलेलं असतं. बोल्ट तुटला की तिथून पाणी किंवा वाफ गळते आणि दोष कळतो. मग नेहमीच्या दाबापेक्षा जास्त, साधारण दीडपट, दाब देऊन चाचणी होते, तीही वाफेनं नव्हे तर पाण्यानं. पाणी दाबलं तरी जवळपास आकसत नाही, त्यामुळे एखादा सांधा फुटला तर दाब लगेच उतरतो. वाफेचा मात्र स्फोट होतो.

थंड इंजिनाला वाफ चढवायला सहा-आठ तास सहज लागतात, आणि ते द्यावेतच. आधी बॉयलरवरच्या काचेच्या नळीत पाण्याची पातळी पाहायची, मग लाकडानं छोटी आग पेटवून हळूहळू कोळसा पसरायचा. घाई केली की फायरबॉक्स आणि बाहेरचं कवच वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, बॉयलरमधून गरम धूर नेणाऱ्या ट्यूबांची टोकं गळू लागतात, स्टे-बोल्टांना तडे जातात. अशा इंजिनावर एका सकाळचीही घाई करणं मला अक्षम्य वाटतं.

निघताना सिलिंडरचे निचऱ्याचे कॉक उघडे ठेवायचे. आत साचलेलं पाणी पिस्टननं दाबलं तर सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. चालताना फायरबॉक्सच्या छतावर पाणी कायम हवंच. पातळी उतरली तर छतातला शिशाचा प्लग वितळतो, वाफ आगीवर सुटते आणि आग सांभाळणाऱ्या फायरमनला इशारा मिळतो. पण त्या वेळेपर्यंत छत तापून मऊ व्हायला लागलेलं असू शकतं, म्हणून प्लगच्या भरवशावर राहू नये.

भागांचा प्रश्न निराळाच. २०११ मध्ये या इंजिनाचे बरेच भाग चोरीला गेले. असे भाग बाजारात मिळत नाहीत. मोजमाप घ्यायचं, लाकडी नमुना करायचा, ओतकाम करायचं, मग लेथवर अचूक बसवायचं. हे काम चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात झालं आणि डिसेंबर २०१२ मध्ये इंजीन परत धावलं. जुन्या जागी नवा भाग बसला की त्यावर वर्ष कोरावं, म्हणजे १८५५ चं काय आणि आपलं काय हे पुढच्या कारागिराला कळेल.

फेरी संपली की आग काढून बॉयलरवर एकदम गार पाणी कधीच सोडू नये. आग विझण्याआधी इंजेक्टरनं, म्हणजे वाफेच्या जोरावर बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या उपकरणानं, पातळी वर न्यावी, आगीला हवा देणारे डॅम्पर बंद करावे आणि इंजीन रात्रभर आपोआप निवू द्यावं. पूर्ण गार झाल्यावर बॉयलर धुण्यासाठी ठेवलेल्या भोकांचे प्लग काढून तळाचा गाळ आणि क्षाराच्या खपल्या पाण्याच्या जोरदार झोतानं काढाव्यात. त्या फायरबॉक्सच्या भिंतीवर राहिल्या तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही आणि पत्रा तिथेच जळतो.